इंडोनेशियात बाळ जन्मलं तर जन्मदाखला कसा काढायचा? ऑनलाइन अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

जकार्ता, सुराबाया किंवा बालीत नोकरी-धंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबात बाळाचं आगमन झालं, की आठवड्याभरात कागदपत्रांचा विषय निघतोच. जन्मदाखला कुठून काढायचा, कोण देतो, पैसे किती लागतात? मुख्य गोष्टी आधी सांगतो. इंडोनेशियात जन्माची नोंद ६० दिवसांच्या आत करायची असते. आपल्याकडे ही मुदत २१ दिवसांची आहे. दाखल्याला सरकारी शुल्क नाही. अर्ज बहुतेक शहरांत मोबाइलवरून होतो आणि दाखला पीडीएफ स्वरूपात येतो, तो आपणच साध्या कागदावर छापायचा. हे सगळं काम मात्र केंद्र सरकारचं कार्यालय करत नाही, जिल्ह्याचं किंवा शहराचं कार्यालय करतं. गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

आपलं कार्यालय कोणतं?

१ जानेवारी २००१ पासून इंडोनेशियाने कारभाराचे बरेचसे अधिकार प्रांतांऐवजी थेट जिल्ह्यांकडे आणि शहरांकडे दिले. तिथे जिल्ह्याला काबुपातेन म्हणतात आणि शहराला कोता. आज ३८ प्रांतांत मिळून असे ५०० हून जास्त जिल्हे आणि शहरं आहेत. जवळपास प्रत्येकाचं स्वतःचं लोकसंख्या व नागरी नोंदणी कार्यालय आहे. त्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव दिसदुकचापिल. जकार्तात हा कारभार प्रांताच्या पातळीवरून चालतो.

२०१३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोंद राहत्या पत्त्याच्या कार्यालयात करायची, असं ठरलं. म्हणजे तुमचा नोंदलेला पत्ता सुराबायाशेजारच्या सिदोआर्जो जिल्ह्याचा असेल आणि बाळंतपण सुराबायाच्या रुग्णालयात झालं असेल, तरी अर्ज सिदोआर्जोला. रुग्णालय कुठल्या शहरात आहे हे पाहून अर्ज केला, तर तो परत येऊ शकतो.

प्रत्येक कार्यालयाचं ॲप किंवा संकेतस्थळही वेगळं. जकार्ताचं 'अल्पुकात बतावी', सुराबायाचं 'क्लाम्पिद', सिदोआर्जोचं 'प्लावोन'. एका शहरातून दुसऱ्या शहरात बदली झालेल्या माणसाला ही नावं ऐकूनच धसका बसतो. ही तक्रार फक्त परदेशी लोकांची नाही. मे २०२४ मध्ये सरकारी ॲप्स एकत्र आणणाऱ्या 'इना डिजिटल' या योजनेचा आरंभ करताना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनीच सांगितलं, की केंद्र आणि स्थानिक सरकारांची मिळून सुमारे २७ हजार ॲप्स झाली आहेत, आता नवी बनवणं थांबवा. ॲप्स एकत्र करण्याचं ते काम लांब पल्ल्याचं आहे, तोवर आपल्या पत्त्याचं ॲप आपणच शोधायचं. नोंदणीच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे. दर्शनी ॲप कुठलंही असलं, तरी आतली माहिती गृह मंत्रालयाच्या 'सियाक' या एकाच यंत्रणेत जाते. त्यामुळे पुढे शहर बदललं तरी नोंद हरवत नाही.

सोळा आकडी निक

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे निक, म्हणजेच रहिवाशाचा ओळख क्रमांक. जन्माची नोंद होताना इंडोनेशियन बाळाला हा क्रमांक मिळतो आणि जन्मभर तोच राहतो. आपल्या आधारचे आकडे कुठलेही असू शकतात, निकचे मात्र वाचता येतात. पहिले सहा आकडे पहिली नोंद जिथे झाली त्या जागेचे: प्रांत, जिल्हा आणि त्याखालचा विभाग. ३१ ने सुरू झाला तर जकार्ता, ३५ म्हणजे पूर्व जावा, ५१ म्हणजे बाली. पुढचे सहा आकडे जन्मतारखेचे आणि शेवटचे चार अनुक्रमाचे. मुलगी असेल तर तारखेच्या दिवसात ४० मिळवतात. १७ ऑगस्ट २०२४ ला जन्मलेल्या मुलाच्या निकमध्ये १७०८२४ दिसेल, त्याच दिवशी जन्मलेल्या मुलीच्या निकमध्ये ५७०८२४.

दाखला हातात आला की हे आकडे नक्की तपासा. तारीख किंवा लिंग चुकीचं नोंदलं गेलं असेल, तर ते इथे लगेच लक्षात येतं. पहिल्या आठवड्यात दुरुस्ती सोपी असते. शाळाप्रवेशाच्या वेळी तीच चूक महिनाभर पळवते.

पात्रता

देशात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अपात्र असं कोणीच नाही. आई-वडील इंडोनेशियन असोत, परदेशी असोत किंवा एक इकडचा आणि एक तिकडचा असो. भेटीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी आईच्या बाळाचीही नोंद होते.

आई-वडिलांच्या लग्नाची नोंद नसेल तरी बाळाला दाखला नाकारता येत नाही. इंडोनेशियन जोडप्याच्या कुटुंबपत्रकात ते पती-पत्नी म्हणून नोंदलेले असतील, तर ते तसं जबाबदारीपत्र लिहून देतात. दाखल्यावर दोघांचीही नावं येतात, सोबत लग्नाची नोंद झालेली नसल्याचा शेरा असतो. कुटुंबपत्रकातही तशी नोंद नसेल, तर दाखला फक्त आईच्या नावाने निघतो. तो शेरा काहींना खटकतो. पण बाळाला कायद्यापुढे नाव आणि अस्तित्व मिळतं, हे मला त्याहून कितीतरी मोठं वाटतं.

मुदतीच्या निवासी परवान्यावर, म्हणजे इतासवर राहणाऱ्यांनी एक काम बाळंतपणाच्या खूप आधी उरकून ठेवावं. इतास मिळाल्यापासून १४ दिवसांत दिसदुकचापिलमध्ये स्वतःची नोंद करून 'एसकेटीटी' हे राहत्या जागेचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्यासाठी पासपोर्ट आणि इतास लागतो. कंपनीचा माणूस व्हिसाचं काम करून देतो, पण ही पायरी अनेकदा राहून जाते, आणि ते कळतं जन्मदाखल्याचा अर्ज भरताना पत्त्यापाशी अडल्यावर.

कागदपत्रं

इंडोनेशियन आई-वडिलांसाठी चार कागद पुरतात: रुग्णालयाने किंवा सुईणीने दिलेलं जन्माचं प्रमाणपत्र, लग्नाचं प्रमाणपत्र, कुटुंबपत्रक आणि दोघांची ओळखपत्रं, म्हणजे केटीपी. घरीच बाळंतपण झालं आणि जन्माचं प्रमाणपत्र मिळालं नाही, तर माहिती खरी असल्याचं जबाबदारीपत्र साक्षीदारांच्या सह्यांसह चालतं.

परदेशी आई-वडिलांसाठी जन्माचं प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट आणि निवासी परवाना किंवा व्हिसा. वडिलांचं नाव दाखल्यावर यायचं तर लग्नाचं प्रमाणपत्रही जोडायचं. महाराष्ट्रात नोंदवलेल्या लग्नाचं प्रमाणपत्र असेल, तर त्यावर भारतात असतानाच परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन, करून ठेवा आणि इंडोनेशियात शपथबद्ध अनुवादकाकडून बहासामध्ये, म्हणजे इंडोनेशियन भाषेत, भाषांतर करून घ्या. बाळ कुशीत असताना पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाला अपोस्टिलसाठी धावायला लावण्यापेक्षा सातव्या महिन्यात हे काम झालेलं बरं.

अर्जाचा फॉर्म देशभर एकच आहे, क्रमांक एफ-२.०१. जन्म, मृत्यू, लग्न अशा सगळ्या नोंदींसाठी हाच वापरतात, त्यामुळे लांबलचक दिसतो. आपण जन्माचा आणि आई-वडिलांचा भाग भरायचा. दोन साक्षीदारांची माहितीही लागते. शेजारी किंवा कार्यालयातले सहकारी यांना आधीच विचारून त्यांचे निक घेऊन ठेवा.

नावाची भानगड

सर्वात जास्त अर्ज माझ्या मते नावापायीच रखडतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

बाळाचं नाव ठरलेलं नसेल, तर रुग्णालय त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर आणि कागदांवर आईच्या नावाने 'अमुक बाईंचं बाळ' असं लिहितं. त्यामुळे आईचं नाव रुग्णालयात पहिल्या दिवशी जसं लिहिलं, तसंच पुढे सरकत जातं. आता आपल्याकडची गंमत बघा. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विमा पतीच्या आडनावाने, आणि तपासणीला गेल्यावर सांगितलेलं नाव तिसरंच. कार्यालयातला कर्मचारी जन्माचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा फरकसुद्धा त्याच्यासाठी दुसरी बाई. तेव्हा रुग्णालयात नाव घालतानाच पासपोर्ट पुढे ठेवा.

बाळाच्या नावालाही नियम आहेत. २०२२ च्या गृह मंत्रालयाच्या नियमानुसार नाव किमान दोन शब्दांचं आणि मोकळ्या जागा धरून ६० अक्षरांपर्यंत असावं. त्यात आद्याक्षरं, अंक किंवा विरामचिन्हं नकोत. जन्मदाखल्यावर पदव्याही चालत नाहीत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत यात सहज बसते, फक्त मधलं नाव पूर्ण लिहायचं. पुढे भारतीय पासपोर्टवर जसं नाव हवं, तसंच ते इथे असलं पाहिजे. बारसं व्हायचं असेल तर थांबा, ६० दिवस पुरेसे आहेत.

अर्ज आणि दाखला

आपल्या कार्यालयाच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर खातं उघडायचं, सेवांच्या यादीतून 'आक्ता कलाहिरान' निवडायचं, फॉर्म भरायचा आणि कागद चढवायचे. मूळ कागदाचाच रंगीत स्कॅन घ्या, झेरॉक्सचा फोटो परत पाठवला जातो. ॲप इंडोनेशियन निक मागून पुढे जाऊ देत नसेल, तर सरळ कार्यालयात किंवा शहराच्या एकत्रित सेवा केंद्रात जा. ऑनलाइन सोय ही सोय आहे, सक्ती नाही. खिडकीवर अर्ज करण्याचा हक्क तसाच आहे.

मंजुरी मिळाली की ईमेलवर पीडीएफ येते. त्यावर अधिकाऱ्याची शाईची सही नसते, शिक्काही नसतो. त्याऐवजी क्यूआर कोड असतो. सरकारी प्रमाणन केंद्राने प्रमाणित केलेली डिजिटल सही ही त्याची ताकद. १ जुलै २०२० पासून पूर्वीचा खास सुरक्षा कागद बंद झाला आणि ८० ग्रॅमच्या पांढऱ्या ए-४ कागदावर छापलेला दाखला अधिकृत ठरला. साक्षांकित प्रतीची कटकटही त्यासोबत संपली. कोणी शिक्का मागितलाच, तर क्यूआर स्कॅन करून दाखवा.

या सुधारणेचं उत्तम उदाहरण जावाच्या पूर्व टोकावरच्या बान्युवांगी जिल्ह्यात आहे. तिथे रुग्णालयं आणि नोंदणी कार्यालय जोडून बाळ घरी जाण्याआधीच दाखला हातात देण्याची योजना राबवली गेली. नवं असं त्यात काही फार नव्हतं, पण माहिती जन्मते तिथेच ती नोंदवली गेली. ॲप्सचा ढीग रचण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी पटते.

इंडोनेशियन कुटुंबाला बहुतेक ठिकाणी दाखल्यासोबत सुधारित कुटुंबपत्रक आणि १७ वर्षांखालच्या मुलांचं ओळखपत्रही मिळतं. पाच वर्षांपर्यंत त्या ओळखपत्रावर फोटो नसतो.

पीडीएफ मात्र दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. जून २०२४ मध्ये सुराबायातल्या तात्पुरत्या राष्ट्रीय डेटा केंद्रावर खंडणीचा सायबर हल्ला झाला, २०० हून अधिक सरकारी संस्थांच्या सेवा कोलमडल्या आणि विमानतळांवर इमिग्रेशनच्या रांगा लागल्या. सरकारकडे आहे म्हणून आपल्याकडे नको, असं म्हणून चालत नाही.

पैसे, उशीर, तक्रार

नोंदणीची कागदपत्रं मोफत द्यायची, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. खर्च होतो तो अपोस्टिल आणि भाषांतराचा. दाराशी उभा असलेला दलाल 'लवकर करून देतो' म्हणाला, तरी एक रुपयाही देऊ नका.

६० दिवस उलटले तर कार्यालयप्रमुखाच्या मंजुरीने नोंद होते. एका वर्षानंतर पूर्वी कोर्टात जावं लागायचं, ती अट घटना न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली. उशिराच्या दंडाची कायदेशीर कमाल मर्यादा १० लाख रुपियाह आहे, प्रत्यक्षात तो किती घ्यायचा हे स्थानिक नियमांवर ठरतं.

अर्ज विनाकारण अडला तर 'लापोर' या राष्ट्रीय तक्रार मंचावर लिहा. १७०८ वर एसएमएस करूनही तक्रार जाते आणि ती संबंधित जिल्ह्याकडे वळवली जाते. तिथेही दाद लागली नाही तर लोकपालाचं कार्यालय आहे.

दाखल्यानंतर भारताचं काम

आई-वडील दोघंही भारतीय असतील, तर इंडोनेशियात जन्मल्याने बाळ इंडोनेशियन होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात त्याची नोंद करायची आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं. जकार्तात दूतावास आहे, बाली आणि मेदानमध्ये वाणिज्य दूतावास. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाच्या निवासी परवान्यासाठी इमिग्रेशनचा अर्ज वेगळा असतो, तोही दाखला आल्याबरोबर सुरू करा.

आई किंवा वडील इंडोनेशियन असतील तर जपून. इंडोनेशिया अशा मुलांना १८ वर्षांपर्यंत दुहेरी नागरिकत्व देतो आणि निवड करायला पुढची तीन वर्षं देतो, भारत देत नाही. इंडोनेशियन पासपोर्ट काढला तर वरचं लेखी निवेदन देता येणार नाही. मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, मार्ग उरतो. आधी काय करायचं हे घरात ठरवून मगच पासपोर्टचा अर्ज करा.

पुढे भारतात शाळेसाठी वगैरे हा दाखला दाखवायचा असेल, तर इंडोनेशिया सोडण्याआधी त्यावर तिथल्या कायदा मंत्रालयाचं अपोस्टिल घ्या. जून २०२२ पासून इंडोनेशियात ही सोय सुरू झाली आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.