उशिरा निवृत्त होणारे लवकर जातात?

'६५ व्या वर्षी निवृत्त झालेले दीड वर्षातच जातात, ५५ व्या वर्षी नोकरी सोडणारे ८० पार करतात.' बोईंग कंपनीच्या नावाने हा तक्ता वर्षानुवर्षे फिरतोय. तो खोटा आहे. खुद्द कंपनीनेच तो नाकारलाय. अशा भीतीपोटी कुणी आवडतं काम सोडावं, याचं फार वाईट वाटतं. शेल ऑइलच्या अमेरिकेतल्या निवृत्तांचा अभ्यास २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात चित्र उलटंच दिसलं: ५५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ६५ व्या वर्षी थांबलेल्यांपेक्षा जास्त होतं. ६० आणि ६५ मध्ये मात्र फारसा फरक नव्हता. म्हणून लवकरची निवृत्ती घातक, असंही समजू नका. कित्येक जण मुळात तब्येत ढासळल्यामुळेच काम लवकर सोडतात.