सडा

सडा : कोकण व गोव्याच्या किनारपट्टीतील जांभा (लॅटेराइट) खडकाचे सपाट माथ्याचे पठार आणि त्यावरील नैसर्गिक अधिवास. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या भागांत सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्या दरम्यान खाड्यांनी तोडलेले असे सडे एकामागून एक लागतात. त्यांची उंची बहुधा समुद्रसपाटीपासून २०० मी.च्या आत असते. दोन खाड्यांमधील जलविभाजक पुष्कळदा सड्याच्या माथ्यावरूनच जातो. त्यामुळे किनारी खोऱ्यांचा विचार खाडीपासून नव्हे, तर सड्यापासून सुरू करणे योग्य ठरते.

उत्पत्ती : जांभ्याचे शास्त्रीय वर्णन स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी मलबारातील अंगडिपुरम येथील खडकावरून केले (१८०७). ताजा असताना हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत राहिल्यावर कठीण होतो, हे त्यांनी नोंदविले. कोकणातील चिरेखाणींचा सारा व्यवसाय याच गुणावर उभा आहे. उष्ण व आलटून-पालटून ओल्या-कोरड्या हवामानात बेसॉल्टमधील सिलिका व विद्राव्य क्षार धुपून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात, याविषयी आज मतभेद नाही. वाद आहे तो किनारी, म्हणजे कमी उंचीवरील जांभा कोठून आला व केव्हा तयार झाला याबद्दल.

जुन्या भूवैज्ञानिकांनी महाबळेश्वर-पाचगणीचा ‘उच्चस्तरीय’ आणि कोकणचा ‘निम्नस्तरीय’ जांभा असे दोन वर्ग केले. निम्नस्तरीय जांभा हा वरच्या जांभ्याची झीज वाहून येऊन पुन्हा सांधला गेलेला, म्हणजे दुय्यम आहे, असे त्यांपैकी अनेकांना वाटे. काही ठिकाणी तसे वाहून आलेले थर आहेतही. परंतु बऱ्याच चिरेखाणींत वरचे कठीण कवच, खाली ठिपकेदार नरम थर, त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती आणि तळाशी कुजलेला बेसॉल्ट असा अखंड क्रम आढळतो. जांभा जागच्या जागी तयार झाल्याची ती खूण आहे.

काळाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जांभ्याखाली लिग्नाइट व चिकणमातीचे थर सापडतात. ते सामान्यतः मायोसीन (सु. २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) काळातील समजले जातात, म्हणून त्यांवरील जांभा त्याहून अलीकडचा ठरतो. उलट, गोवा-कर्नाटक भागातील जांभ्यातील मँगनीज खनिजांच्या आर्गॉन-कालमापनावरून (आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून वय ठरविण्याच्या पद्धतीवरून) किनारी पट्ट्यातील अपक्षय (खडक कुजण्याची क्रिया) सु. साडेचार कोटी वर्षांपूर्वी, मध्य इओसीन काळातच चालू होता असे दिसते. सह्याद्रीचा कडा त्यापूर्वीच मागे सरकला असावा, असेही त्यावरून अनुमान काढतात. या दोन पुराव्यांत विरोध मानण्यापेक्षा जांभा एकाच वेळी नव्हे, तर अनेक टप्प्यांत तयार झाला असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

वृक्षहीनता : येथे ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. तरीही माथा उघडा का, याची दोन उत्तरे दिली जातात. एका मतानुसार पूर्वी येथे जंगल होते आणि तोड, चराई व वणवे यांमुळे ते गेले. दुसऱ्या मतानुसार कठीण कवच आणि बोटभर माती यांमुळे माथ्यावर मोठे झाड वाढणे मुळातच अवघड आहे. उतारांच्या बाबतीत पहिले मत बरेचसे खरे असावे. माथ्याबाबत मात्र दुसऱ्याकडे कल झुकतो. फक्त अशाच कातळावर वाढणाऱ्या जाती थोड्या काळात निर्माण होणे शक्य नाही. शिवाय कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे कोरली गेली तेव्हा तो खडक उघडाच असला पाहिजे. कशेळीचा हत्ती तर सु. १८ मी. लांब आहे; मातीखालच्या खडकावर असे काम होत नाही. शिल्पांचा काळ अनिश्चित असला, तरी ती प्रागैतिहासिक आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात.

अधिवास व वनस्पती : वनस्पती-अभ्यासक अपर्णा वाटवे प्रभृतींच्या अभ्यासामुळे सडा हा एक सलग अधिवास नसून अनेक सूक्ष्म अधिवासांची गुंफण आहे, हे स्पष्ट झाले आहे. उघड्या कातळावर शैवाक (लायकेन) व नील-हरित शैवलांचा काळा थर असतो. जेथून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहतो तेथील मातीत नायट्रोजन फार कमी असतो. म्हणून तेथे सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) व दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पती आणि गेंद (एरिओकॉलॉन) यांचे राज्य असते. खळग्यांतील पाण्यात वायतुऱ्याच्या जाती व रोटाला वाढतात. मातीच्या कप्प्यांत नभाळी, कवला, तुतारी आणि ग्लायफोक्लोआ, डायमेरिया ही गवते दिसतात. कोकण दीपकाडी (डिपकॅडी कोंकानेन्स) ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी १८५० च्या सुमारास वर्णिली. ती या भागापुरतीच मर्यादित असून पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस फुलते. सुट्या दगडांखाली राहणारी हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल (वर्णन १९६३) रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांशी निगडित आहे. भेगांतून व कडेने करवंद, अंजनी, तोरण, कुंभा यांची झुडपे व खुरटी झाडे येतात.

खालचे खोरे : जांभा सच्छिद्र आहे, तर त्याखालची चिकणमाती पाणी सहसा झिरपू देत नाही. म्हणून पावसाचे पाणी दोहोंच्या सांध्यावरून झऱ्यांच्या रूपाने उतारावर बाहेर पडते. सड्याच्या पायथ्याच्या वाड्या, त्यांच्या विहिरी व नारळ-पोफळीच्या बागा याच पाण्यावर वसल्या. उतारावर ऐन, किंजळ, कोकम, देवरायांत सुरंगी, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी केवडा, किनाऱ्याच्या वाळूत उंडी, आणि पुढे खाडीत तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी असा क्रम लागतो. देवराई व खारफुटी यांवर स्वतंत्र नोंदी आहेत.

सद्यःस्थिती : महसुली दप्तरात सड्याचा मोठा भाग पडीक किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) म्हणून नोंदलेला असतो. हे वर्गीकरण शेतसाऱ्याच्या सोयीचे आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सपशेल चुकीचे आहे आणि त्याचे परिणाम गंभीर झाले आहेत. सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून लावलेल्या हापूसच्या बागा, चिरेखाणी, रस्ते व मोठे प्रकल्प यांसाठी सडाच प्रथम निवडला जातो. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ (२०२१) अशाच पठारावर आहे. मात्र सड्यावरील जमीन बव्हंशी खाजगी असल्याने मालकांना वगळून संरक्षणाचा विचार करता येत नाही. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. त्या यादीत कोकणातील एकही सडा नाही. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांची नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदविली गेली, ती शिल्पांसाठी. सभोवतालच्या वनस्पतींसाठी नव्हे.