यू म्हणजे तू नोहे, तुमी

आमच्या गावचे एक आबाजी पारावर बसून म्हणायचे, "इंग्रजी काई भाषा हाय का बावा, बापालेबी यू अन् बैलालेबी यू." लोक हसायचे, मी पण. पण इतिहास पाहिला तर आबाजींचा हिशोब बरोब्बर उलटा निघतो, इंग्रजीत मेलं ते तू अन् उरलं ते तुमी.

जुन्या इंग्रजीत एकाला दाउ अन् अनेकांना यी नाहीतर यू, मानाचा संबंधच नव्हता. १०६६ ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, अन् पुढं तेराव्या शतकापासून फ्रेंचांचं पाहून एकट्या मोठ्या माणसालाही यू म्हणू लागले, आपण जावयाला तुमी म्हणतो तसंच. मग दाउ म्हणणं डेंजर झालं. १६०३ मध्ये वॉल्टर रॅले या बड्या इंग्रज दरबाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं भर कोर्टात त्याला मुद्दाम दाउ म्हटलं, आपल्याकडचं "अबे तू" समजा. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक तर देवापुढं सगळे सारखे म्हणून जज असो की जमीनदार, दाउच म्हणत अन् त्यापायी मारही खात. बाकी लोकांनी हळूहळू सरसकट यू धरलं.

आता मान ठेवायचा कुठं? तर तो क्रियापदात गेला. कॅन यू पेक्षा कुड यू नरम, म्हणजे काम आजचं अन् क्रियापद भूतकाळाचं. हे आपल्याला नवीन नाही, "मले जरा इचाराचं होतं" म्हणतोच की आपण. वऱ्हाडी तर अजून पुढची, "पानी द्या" नाही, "पानी देजा जी", थेट भविष्यात ढकलून दिलं!

आपल्याकडं इंग्रजी आली ती मात्र कचेरीतून. १८५३ ला निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला, १८५४ ला नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, अन् साहेबाला लिहायच्या अर्जाची वाकलेली इंग्रजी आपण उचलली. ते "आय बेग टू स्टेट", म्हणजे "सांगायची भीक मागतो", अजून जात नाही, मागच्या साली सोयाबीनच्या पंचनाम्यासाठी भाच्यानं अर्ज टाइप केला त्यातही होतंच.

तो भाचा आता पुण्यात कंपनीत आहे, तिथं मॅनेजरलाही नुसत्या नावानं हाक मारतात म्हणे. याच्या तोंडून नुसतं नाव काही निघत नाही, हा रोज सकाळी मेसेज टाकतो, गुड मॉर्निंग सरजी.