जिन्याचा एक दिवा, दोन बटणं: बरोबर जोडणी आणि धोक्याची जोडणी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत जिना बहुधा अरुंद आणि अंधारा असतो. खाली लावलेला दिवा वर पोचल्यावर बंद करता यावा, म्हणून दोन्ही टोकांना टू-वे स्विच बसवतात. ही जोडणी दोन तऱ्हांनी होते, आणि दोन्हींत दिवा अगदी सारखाच चालतो. त्यामुळे ‘दोन्हीकडून लागतो, दोन्हीकडून बंद होतो, म्हणजे काम चोख’ असं घरातले धरून चालतात. खरा फरक असतो तो दिवा बंद असताना होल्डरमध्ये काय शिल्लक राहतं यात.

साध्या स्विचला दोन स्क्रू असतात, टू-वेला तीन. त्यातला एक कॉमन, बहुधा मधला. बटण दाबलं की कॉमन एका बाजूच्या स्क्रूवरून दुसऱ्या बाजूच्या स्क्रूवर जातो. टू-वे स्विच एवढंच करतो.

बरोबर जोडणीत फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, खालच्या स्विचच्या कॉमनला येतो. बाजूच्या दोन स्क्रूंमधून दोन वायर वरच्या स्विचच्या बाजूच्या स्क्रूंना जातात. वरच्या कॉमनमधून एक वायर होल्डरला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, मात्र कुठल्याही स्विचमध्ये न शिरता थेट होल्डरला. दोन्ही स्विच एकाच वायरवर आले की दिवा लागतो. वेगवेगळ्या वायरवर असले की फेज वाटेतच अडतो.

धोक्याच्या जोडणीत प्रत्येक स्विचच्या एका बाजूच्या स्क्रूला फेज देतात, दुसऱ्याला न्यूट्रल, आणि दोन्ही कॉमनमधून एकेक वायर होल्डरच्या दोन पिनांना. एका पिनेला फेज आणि दुसरीला न्यूट्रल मिळाला की दिवा लागतो. दोन्हींना न्यूट्रल मिळाला की बंद. आणि दोन्हींना फेज मिळाला तरीही बंदच! बल्बच्या दोन टोकांत दाबाचा फरक नाही, म्हणून तो पेटत नाही. पण दोन्ही पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात. जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवून, एक हात भिंतीला टेकवून कुणी बल्ब काढायला जातं, बोट पितळी पिनेला लागतं, आणि वीज अंगातून भिंतीत उतरते. दिवा बंद आहे हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणूनच तो बेसावध असतो.

मग असं करतात कशाला? वर आणि खाली, दोन्ही बोर्डांत प्लगसाठी फेज-न्यूट्रल आधीच आलेले असतात. प्रत्येक बोर्डातून दिव्याला एकच वायर नेली की भागतं. दोन बोर्डांमध्ये नव्या वायर ओढायला नकोत, भिंत फोडायला नको. मालकाला हे स्वस्तात पडतं, पण असली बचत मला अजिबात मान्य नाही. एकट्या न्यूट्रलमध्ये स्विच घालायला १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच बंदी होती, आणि नंतरच्या केंद्रीय नियमांतही ती राहिली.

धोका होल्डरपाशीच संपत नाही. नखाएवढ्या स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी-शेजारी बसतात. बटण झिजलं, आत ठिणगी लांबली, की तिथेच शॉर्ट. वरचा मजला वेगळ्या एमसीबीवर (मेन बोर्डातल्या, जास्त वीज वाहिली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असेल, तर खालचा एमसीबी पाडूनही होल्डरमध्ये वरून वीज येतच राहते. घरात थ्री-फेज असेल आणि दोन मजले दोन वेगळ्या फेजवर असतील, तर बल्बला थेट ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो.

तुमच्या घरात कुठली जोडणी आहे हे वायरमनकडून तपासून घ्या. तो बल्ब काढून, दोन्ही स्विचच्या चारही स्थितींत होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लावेल. बरोबर जोडणीत एक पिन कायम कोरी असते, काहीही दाबलं तरी. चारपैकी एका स्थितीत दोन्ही पिनांवर टेस्टर लख्ख पेटला, तर जोडणी धोक्याची. मेन बंद करून बोर्ड उघडला आणि टू-वे स्विचच्या स्क्रूत काळी, म्हणजे न्यूट्रलची, वायर दिसली, तरी संशय घ्या. जुन्या घरांत मात्र वायरच्या रंगावर विसंबू नये, कारण हाताला येईल ती वायर वापरलेली असते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मंद मिणमिणतो, तेव्हा लोकांना वाटतं जोडणी चुकली. तसं असेलच असं नाही. बरोबर जोडणीतही दोन लांब वायर एकाच पाइपातून शेजारी धावतात; एकीत वीज असली की दुसरीत किंचित उतरते, आणि एलईडीला तेवढी पुरते. टेस्टरही तिथे पुसटसा उजळतो. त्यामुळे मिणमिणणाऱ्या दिव्यावरून निकाल देऊ नका.

तीन मजल्यांसाठी मधल्या जागी चार स्क्रूंचा इंटरमीडिएट स्विच लागतो. दोन टोकांना टू-वेच राहतात.

धोक्याची जोडणी निघाली आणि नव्या वायर ओढायला लगेच जमत नसेल, तर दिवा तूर्त खालच्या बटणावरच चालू द्यावा. वरच्या बोर्डातून होल्डरला गेलेली वायर स्विचमधून काढून, खालच्या बटणाला ज्या सर्किटचा फेज येतो त्याच सर्किटच्या न्यूट्रलला कायमची जोडायची, आणि खाली साधा स्विच बसवून तो फक्त फेज तोडेल असं करायचं. वायरमनला अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर बल्ब बदलायचा झाला तर बटणावर भरवसा न ठेवता मेन बंद करूनच स्टुलावर चढा.