पॉटकेट : अमेरिकेतले पहिले गिरणीगाव आणि तिथली घराणी

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्यापाशी वसलेले शहर. राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्सपासून अगदी जवळ. पाण्याच्या जोरावर यंत्राने कापूस कातण्याचा अमेरिकेतला पहिला यशस्वी उद्योग १७९० मध्ये इथे उभा राहिला. नदीचा पश्चिम काठ ऱ्होड आयलंडमध्ये आणि पूर्व काठ मॅसॅच्युसेट्समध्ये, अशी गावाची फाळणी १८६२ पर्यंत टिकली.

गिरणी येण्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी गावात लोहार होते. जोसेफ जेंक्सने १६७१ च्या सुमारास धबधब्याकाठी भट्टी घातली. मूळ रहिवासी आणि वसाहतवाले यांच्या युद्धात १६७६ मध्ये ती जळाली, पण लोखंडकाम गावातून गेले नाही. पुढे ओझिएल विल्किन्सनच्या घराण्याने ते वाढवले. पॉटकेटच्या यशाचे श्रेय बहुतेक वेळा सॅम्युएल स्लेटर या एकट्या माणसाला दिले जाते. ते अपुरे आहे. स्लेटरजवळ कताईचे ज्ञान होते, पण ते लोखंडात उतरवणारे हात या लोहारवाड्यात आधीपासून तयार होते.

स्लेटर मूळचा इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. बेल्पर इथे जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत त्याने उमेदवारी केली. कारागिरांनी देश सोडू नये आणि यंत्रे बाहेर जाऊ नयेत, असा तेव्हा इंग्लंडचा कायदा होता. त्यामुळे १७८९ मध्ये तो कागदाचा एक तुकडाही बरोबर न घेता, सगळी यंत्ररचना डोक्यात ठेवून निघाला. प्रॉव्हिडन्सचे क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे) व्यापारी मोझेस ब्राउन यांनी भांडवल दिले आणि कारभार त्यांचे जावई विल्यम आल्मी यांच्या पेढीकडे होता. डिसेंबर १७९० मध्ये एका जुन्या कापड घोटण्याच्या गिरणीत चात्या फिरू लागल्या आणि १७९३ मध्ये स्वतंत्र गिरणी बांधली गेली. मधल्या काळात, १७९१ मध्ये, स्लेटरने ओझिएलच्या मुलीशी, हॅनाशी, लग्न केले. बळकट सुती शिवणदोऱ्याचे श्रेय तिला दिले जाते. अशा रीतीने भांडवल, लोखंड आणि कसब ही तिन्ही नात्यागोत्यांत गुंफली गेली.

पहिले कामगार सात ते बारा वर्षांची नऊ मुले होती. हॅनाचा धाकटा भाऊ स्मिथ विल्किन्सन त्या सुरुवातीच्या मुलांतलाच. पुढे १८०६ मध्ये तो शेजारच्या कनेटिकटमध्ये नव्या गिरणीचा भागीदार झाला. मालकाच्या मेहुण्याला ही वाट मोकळी होती, परक्याच्या मुलाला नव्हती. गिरणीवाल्यांना एकटा कामगार नको असे, पाच-सहा लेकरांचे कुटुंब हवे असे. राहायला घर मिळे, गिरणीच्या दुकानात खाते उघडले जाई आणि मजुरीचा बराच भाग रोखीऐवजी तिथेच वळता होई. मुले यंत्रावर, आणि सूत घरोघरच्या हातमागांवर विणायला. बाप कधी शेतात, कधी बांधकामावर. याच पद्धतीला ‘ऱ्होड आयलंड पद्धत’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलसारख्या गिरणीगावांत शेतकऱ्यांच्या तरुण मुली वसतिगृहात ठेवून काम चाले. ती रीत वेगळी आणि नंतरची. स्लेटरचा भाऊ जॉन १८०३ मध्ये आला आणि दोघांनी भागीदारांसह उत्तरेला स्लेटर्सव्हिल हे गाव वसवले. गिरणी, घरे, दुकान असे सारे तिथे मालकाने आखून बांधलेले होते.

या नोंदीत पाण्याच्या भांडणाला जागा द्यायलाच हवी. कारण गावाचा खरा इतिहास मला त्यातच दिसतो. मासे वर चढावेत म्हणून १७१४ च्या सुमारास धबधब्याला वळसा घालून सार्जंटचा पाट खणला होता. मासे काही चढले नाहीत, पण पाटावर चक्क्या आल्या. १७९२ मध्ये स्लेटर आणि विल्किन्सन मंडळींनी वरच्या अंगाला नवा बांध घातला, तेव्हा खालच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी तो काही अंशी पाडला. पाटवाले आणि खालचे बांधवाले यांचा तंटा चालत चालत १८२७ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांच्यासमोर आला. नदीच्या पाण्यावर मालकी कोणाचीच नाही, वाहत्या पाण्याच्या वापराचा हक्क काठावरच्या सर्वांचा, असे तत्त्व त्या निकालात मांडले गेले. पाटवाल्यांना त्यांच्या जुन्या वहिवाटीइतकेच पाणी मिळाले. अमेरिकेच्या पाणी-कायद्यात हा निकाल आजही शिकवला जातो.

पाण्यानंतर वेळेवरून भांडण पेटले. १८२४ मध्ये मालकांनी एकत्र येऊन कामाचा दिवस एका तासाने वाढवला आणि यंत्रमागावरच्या विणकर बायांची मजुरी पंचवीस टक्के कापली. सुमारे शंभर बाया काम टाकून बाहेर पडल्या आणि गाव त्यांच्या मागे उभे राहिले. एका गिरणीला आग लावण्याचा प्रयत्नही झाला. आठवडाभराने तडजोड झाली. अमेरिकेतला हा पहिला गिरणी-संप मानला जातो, आणि तो बायांनी पुकारला होता.

कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांच्या घामाचा. मोझेस ब्राउन यांनी १७७३ मध्ये स्वतःचे गुलाम मुक्त केले आणि गुलामीविरुद्ध काम केले, तर त्यांचा सख्खा भाऊ जॉन गुलामांच्या व्यापारात होता. तरीही मोझेसच्या पैशाने उभी राहिलेली चाती त्याच कापसावर फिरत गेली. ही विसंगती पॉटकेटच्या वर्णनातून गाळता येत नाही.

१८२९ च्या मंदीत विल्किन्सन घराणे बुडाले. स्क्रू कापणाऱ्या लेथचे पेटंट १७९८ मध्ये घेणारा डेव्हिड विल्किन्सन गाव सोडून न्यूयॉर्क राज्यात गेला. त्या यंत्राबद्दल अमेरिकी संसदेने १८४८ मध्ये, पेटंटची मुदत कधीच संपलेली असताना, त्याला १०,००० डॉलर दिले. स्लेटर त्याआधी, १८३५ मध्ये, मोठी मालमत्ता मागे ठेवून वारला.

याच ऱ्होड आयलंडच्या जॉन थॉर्पने १८२८ मध्ये रिंग कताईचे, म्हणजे न थांबता सूत पिळून गुंडाळत जाणाऱ्या पद्धतीचे, पेटंट घेतले. पुढे १८८३ मध्ये नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रिंगच्या चात्या बसवून पाहिल्या गेल्या, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कित्येक गिरण्या अजून म्यूल या जुन्या, मागेपुढे सरकणाऱ्या कताईयंत्रावरच होत्या.

१७९३ ची लाकडी गिरणी आणि तिच्या शेजारची १८१० ची दगडी विल्किन्सन गिरणी अजून उभ्या आहेत. २०१४ पासून त्या ब्लॅकस्टोन खोऱ्याच्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाशी जोडल्या गेल्या आहेत. विल्किन्सन गिरणीत वरच्या मजल्यावर यंत्रे आणि खाली पाण्यावर फिरणारे मोठे चाक पाहायला मिळते.