ब्रह्मचर्य आणि शुद्धता : एका शब्दात अडकलेल्या दोन गोष्टी

इंदूरला राहून कॅथलिकांचं लाल चर्च आणि प्रोटेस्टंटांचं व्हाइट चर्च माहीत नसलेला माणूस विरळा. शेजारच्या काकूंनी मेथी निवडता निवडता मला विचारलं, “अगं, व्हाइट चर्चचे पाद्री लग्न करू शकतात आणि तुमच्या लाल चर्चचे फादर नाही, हे कसं? येशू तर एकच ना?” आणि मग जरा दबक्या आवाजात, “म्हणजे तुमच्यात लग्न करणं कमी प्रतीचं मानतात का?”

पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. दुसरा मात्र मला लागला. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि चर्चच्या विवाहपूर्व वर्गात आम्ही दोघं बोलायला जातो. तिथेही दर खेपेला हाच गैरसमज कुणाच्या ना कुणाच्या मनात असतो. त्याचं मूळ आपल्या भाषेत आहे. आपण ‘ब्रह्मचर्य’ म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो : एक, देवाच्या कामासाठी लग्न न करणं, दुसरी, शरीर आणि मन शुद्ध राखणं. पहिली काहींसाठी आहे. दुसरी सगळ्यांसाठी, माझ्यासारख्या संसारी बाईसाठीसुद्धा.

आधी लग्न न करण्याविषयी. येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात, एकोणिसाव्या अध्यायात, स्वर्गाच्या राज्याकरिता अविवाहित राहणाऱ्यांचा उल्लेख केला आणि ज्याला हे पेलेल त्याने स्वीकारावं असं म्हटलं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना यालाही कृपादान म्हटलं आणि लग्नालाही. एकाला एक प्रकारचं, दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारचं. म्हणूनच आम्ही दोन्हींना ‘पाचारण’ म्हणतो, देवाने दिलेली हाक. ते आश्रमांसारखे टप्पे नाहीत, की आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम, शेवटी संन्यास.

धर्मगुरूने लग्न करू नये हा मात्र कॅथलिक चर्चचा शिस्तीचा नियम आहे. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, त्यालाही सासू होती. ती तापाने पडली होती आणि येशूने तिला बरं केलं, असं शुभवर्तमानच सांगतं. पाश्चात्त्य चर्चमध्ये हा नियम हळूहळू घट्ट होत गेला आणि 1139 मध्ये बिशपांच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंची लग्नं रद्दबातल ठरवली. पूर्वेकडच्या अनेक चर्चेसमध्ये आजही विवाहित पुरुषाला दीक्षा मिळते, बिशप मात्र अविवाहितच असतो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1525 मध्ये काटारीना फॉन बोरा या माजी ननशी लग्न केलं आणि प्रोटेस्टंट घराण्यात पाद्र्याचा संसार ही साधी गोष्ट झाली. मराठीत तर आपल्यासमोर रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आहेतच. काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण लग्न न करणं म्हणजे नाती तोडणं नव्हे. आमच्याच इंदूर धर्मप्रांतात सिस्टर राणी मारिया गरीब शेतमजुरांसाठी काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला धावत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच सिस्टर राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. ती राखी आठवली की मला कळतं, या हाकेत माणूस कुणा एकाचं होत नाही ते कशासाठी.

आता शुद्धता. कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं की प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्याला शुद्धतेची हाक आहे, ज्याच्या त्याच्या जीवनस्थितीप्रमाणे. फादर आणि सिस्टर ती अविवाहित राहून जगतात. लग्न न झालेले तरुण संयमाने. नवरा-बायको एकमेकांशी एकनिष्ठ राहून, आणि त्यांचं शरीरसुख या शुद्धतेच्या आतलंच आहे, बाहेरचं नाही. हे वर्गात सांगितलं की मुली मान वर करून बघतात. त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं की पवित्र म्हणजे ‘त्यापासून’ लांब.

शुद्धता म्हणजे समोरच्याला वस्तू न करणं. माझ्या मोठ्या ऑपरेशननंतर चार महिने मी पलंगावर होते. हे खाली गादी घालून झोपायचे. माझ्या मनगटाला ओढणीचं एक टोक बांधलेलं, दुसरं यांच्या हातात. रात्री हाक मारायला आवाज फुटला नाही तर मी ती ओढायची. चार महिन्यांत एकदाही यांनी ना कुरकूर केली ना हक्क सांगितला. वर्गात शुद्धता समजावताना मी ती ओढणीच सांगते.

उलटही खरं आहे. अविवाहित राहूनही माणूस शुद्धतेत ढळतो. चर्चच्या इतिहासात तसं घडलंय, लहान मुलं त्यात होरपळलीत, आणि आम्ही ते लपवता कामा नये. अंगावरचा झगा शुद्धतेची हमी देत नाही.

मग काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांची शंका निराधार नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लग्नाविषयी फार कठोर लिहिलं. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कौमार्याला विवाहापेक्षा वरचं स्थान दिलं, आणि ते वचन अजून पुसलेलं नाही. मी ते असं समजते : पुनरुत्थानानंतर, म्हणजे मेलेले पुन्हा उठल्यावर, कुणी लग्न करत नाही असं येशू म्हणाला, त्या येणाऱ्या जीवनाची खूण अविवाहित माणूस आजच अंगावर वागवतो. खूण मोठी आहे. म्हणून ती वागवणारा माझ्यापेक्षा आपोआप मोठा होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट केलं की पवित्रतेची हाक सगळ्यांना आहे. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघालेले रामदास आपले, आणि प्रपंचात राहून परमार्थ साधणारे एकनाथही आपलेच.

काकूंना शेवटी मी आमच्या लग्नाची गोष्ट सांगितली. फादरांनी आशीर्वाद दिला, पण आमच्या लॅटिन (पाश्चात्त्य कॅथलिक) परंपरेत लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत. ते चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. वधू आणि वर, दोघं एकमेकांना तो संस्कार देतात.

“म्हणजे तो तू दिलास?” काकूंनी विचारलं.

“मी यांना दिला. यांनी मला.”