श्रीनगरला उतरलेले डकोटा: १२वी स्क्वाड्रन आणि खासगी विमान कंपन्या

काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाल्यावर, २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे दिल्लीहून डकोटा ही दोन इंजिनांची वाहतूक विमानं उडाली आणि लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची पहिली शीख बटालियन श्रीनगरला उतरू लागली. ही सगळी विमानं हवाई दलाची होती, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. हवाई दलाच्या १२व्या स्क्वाड्रनबरोबर (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी) खासगी विमान कंपन्यांचे डकोटाही मोठ्या संख्येनं त्या मोहिमेत उतरले होते.

नुसतं विमान बघून दोघांतला फरक कळत नाही. महायुद्धानंतर लष्कराकडची उरलेली सी-४७ विमानं, म्हणजे लष्करी डकोटा, विक्रीला निघाली आणि अनेक कंपन्यांनी तीच घेऊन प्रवासी सेवेत लावली. लष्करी विमानाला मागे डावीकडे सामानाचा रुंद दुहेरी दरवाजा, मजबूत तळ आणि भिंतीलगत दुमडती बाकं असत. प्रवासी डकोटात खुर्च्या असत. सैनिक आणि सामान मावावं म्हणून कामगारांनी त्या झटपट उपसून काढल्या.

१२वी स्क्वाड्रन १९४५ साली कोहाटला स्पिटफायर लढाऊ विमानांवर उभी राहिली. १९४६ मध्ये तिला डकोटा मिळाले आणि ती हवाई दलाची पहिली वाहतूक स्क्वाड्रन झाली. श्रीनगरच्या पहिल्या तुकडीचं नेतृत्व तिचे विंग कमांडर के. एल. भाटिया यांनी केलं. खासगी वैमानिकांचं धाडस यानं तसूभरही कमी होत नाही. धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की शत्रूच्या, याची खात्री नसताना ही माणसं तिकडे गेली. त्यांची आठवण फार कमी काढली जाते, याचं मला वाईट वाटतं.

हवाई दल आणि खासगी कंपन्या, या दोघांच्या वाटा खऱ्या वेगळ्या झाल्या त्या पुढच्या वर्षभरात. वेढ्यात सापडलेल्या पूंछला लोकांनी आणि जवानांनी मिळून धावपट्टी तयार केली. तिथे एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा उतरवला. शत्रूच्या माऱ्याखाली, रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात २५ पौंडी (तेवढ्या वजनाचे गोळे डागणाऱ्या) तोफा पोहोचवण्याचं काम हवाई दलाच्या डकोटांनी केलं. काही वेळा तर दारातून बॉम्ब ढकलून त्यांनी बॉम्बफेकही केली. २४ मे १९४८ ला मेहर सिंग काश्मीर आघाडीवरचे सेनाधिकारी जनरल थिमय्या यांना घेऊन लेहला उतरले. वाटेत हिमालयाची शिखरं, आणि विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. लेहची पट्टी इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या हातांनी बांधून घेतली होती.

घोटाळा होण्याची आणखी एक जागा आहे. २०१८ साली हवाई दलात दाखल झालेल्या ‘परशुराम’ डकोटाच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. श्रीनगरला गेलेल्या डकोटाच्या स्मरणार्थ तो दिला आहे. विमान मात्र ते नव्हे. हे पूर्वी ब्रिटिश हवाई दलात होतं आणि ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन इथे आलं.